सुटायची वेळ

शेवटचं पाकीट विघ्नेशच्या हातात ठेवून यतीनने मान वर केली, तर त्याच्यामागे रांगेत आत्या उभी होती. पेढ्यांचं ताट तिने पंचिंग मशीनच्या फळीवर ठेवून दिलं होतं आणि पदराला हात पुसून ती टेबलासमोर आली होती. टेबलावर आता काही उरलं नव्हतं. यतीनला क्षणभर वाटलं, हिला काही सांगायचं असेल, चहावाला आला असेल किंवा वीज जाणार असल्याचा निरोप असेल. मग त्याच्या ध्यानात आलं की ती रांगेत उभी आहे. ‘आत्या, तू कशाला रांगेत?’ तो म्हणाला. साधंच म्हणाला, घरात म्हणावं तसं. बायका हसल्या. फ्लॉसी तर मोठ्यांदा हसली, आणि आत्याही हसली, ‘बघ ना, मी पण येडी,’ असं काहीतरी पुटपुटली आणि ताट उचलून उरलेले पेढे वाटायला निघून गेली. एवढंच झालं. सगळं मिळून एका घोटभर चहाइतका वेळ. नंतर सगळ्यांनी पाकिटं आपापल्या पिशव्यांत सारली, मशीन सुरू झालं, मिठाईच्या खोक्यांच्या पट्ट्या पडू लागल्या आणि यतीन समाधानाने खुर्चीत बसला. बसला म्हणजे बसायला हवा होता. नवघरच्या या औद्योगिक वसाहतीत कामगारांना नेमणुकीची पत्रं देणारा तो पहिला गाळेवाला होता, आणि हे उमंगने त्याला दोनदा सांगितलं होतं.

उमंग हा त्याचा कायद्याचा सल्लागार. तरुण, बोलायला गोड, फायली अर्ध्या मराठीत आणि बाकी फोनमध्ये ठेवणारा. कामगार कायद्याच्या चार नव्या संहिता नोव्हेंबरात लागू झाल्या, राज्याचे नियम अजून यायचे होते, आणि मधल्या काळात शेजारचे गाळेवाले ‘बघू, आल्यावर बघू’ म्हणून हात झटकत होते. यतीनला मात्र आधी तयारी करून ठेवायची हौस. शाळेतही तो पुस्तकांना मे महिन्यातच कव्हरं घालायचा. त्याने हजेरीचं यंत्र बसवलं, बायकांच्या मोरीला कडी लावून घेतली, पगाराच्या पावतीतले भत्ते उमंगच्या सांगण्याप्रमाणे मोडून पुन्हा जोडले. चाळिशीवरच्यांची तपासणी फुकट करायची म्हणून वसईतल्या एका डॉक्टरीणबाईंना गाळ्यातच बोलावलं. त्या दिवशी फ्लॉसीने आपण चाळीसच्या आत असल्याचं ठणकावून सांगितलं होतं आणि तिच्या मुलाचं लग्न जेवून आलेल्या सगळ्या बायका पोट धरून हसल्या होत्या. तपासणीला एकेक जण आत जात होती आणि बाहेर त्यांच्या पिशव्या, बांगड्या, चपला सांभाळत आत्या बसली होती. आत्या सत्तरीला टेकलेली. तिला आत बोलवायचं कुणाच्या मनात आलं नाही. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या पूर्वी आणतेच की, घरी. पूर्वी म्हणजे यतीनची बायको. ती एका बँकेत होती आणि गोळ्यांच्या बाबतीत काटेकोर.

संध्याकाळी गाडीत आत्या नेहमीप्रमाणे शेजारच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसली. सातिवलीच्या वळणावर ट्रक अडकले होते. यतीनने काहीतरी बोलायचं म्हणून पेढे चांगले होते म्हटलं, ती हो म्हणाली, जरा गोड होते म्हणाली. मग सिग्नलला गाडी थांबल्यावर त्याचं लक्ष तिच्या साडीकडे गेलं. जांभळी, बारीक जरीकाठाची. ही साडी ती त्याच्या लेकीच्या, इशिताच्या बारशाला नेसली होती आणि त्यानंतर एखाद्या लग्नाला. सकाळी निघताना ती हीच नेसून गाडीत बसली होती आणि त्याला दिसली नव्हती. म्हणजे ती उठल्यापासून ठरवून होती. पेढे वाटायला कोणी जरीची साडी नेसत नाही. यतीनला एकदम कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारखं वाटलं आणि त्याने उगाचच काच खाली केली. बाहेरून डिझेलचा वास आत आला. आत्याने पदर नाकाला लावला.

एव्हरशाईन सिटीतल्या त्या फ्लॅटमध्ये आत्याची खोली होती, तिचं कपाट होतं, टीव्हीचा रिमोट सहसा तिच्याकडेच असायचा. तिला काही कमी आहे असं कुणी म्हणू शकलं नसतं. यतीन रात्री जेवताना स्वतःला हेच सांगत होता. तिला पत्र न देण्यात अपमान कसला, उलट मान होता. पत्र नोकराला देतात. आपल्या बापाच्या बहिणीसमोर पाकीट धरून ‘या सही करा’ म्हणायचं? आई असती तर तिला दिलं असतं का? हे सगळं बरोबर होतं, आणि तरी ते मनात नीट बसेना. कारण त्या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्याला चांगली ठाऊक होती. याद्या करताना उमंगने विचारलं होतं, ‘ये वयस्कर बेन कोण? यांचं नाव हजेरीत नाही, पण रोज दिसतात.’ यतीन म्हणाला होता, ती आत्या, घरची आहे. उमंगने लगेच खूण करून टाकली होती. ‘घरची असेल तर उत्तम. नाहीतर शेठ, तुमचा आकडा वीसला जातो. वीस झाले की कारखाना. मग रजिस्ट्रेशन, इन्स्पेक्शन, सगळं आलं. यांना बाहेर ठेवू, तुम्हाला बरं पडेल.’ आणि यतीनला बरं पडलं होतं. मान आणि सोय एकाच बाजूला आली की माणूस सोयीचं नाव घेत नाही, तसं त्याने मानाचं नाव घेतलं. वाढप करणाऱ्या आत्याकडे त्याने पाहिलं. तिने त्याच्या ताटात न विचारता दुसरी पोळी टाकली.

‘घरची’ हा शब्द त्याच्या वडिलांचा. गुरुदत्त वर्तकांचा. बोळींजची केळीची वाडी भावाभावांत वाटली जाऊन पोट भरण्याइतकी उरली नाही, तेव्हा त्यांनी ओटीवर खोकी करायला घेतली. विरार-वसईच्या बेकऱ्यांना केकची खोकी, हलवायांना मिठाईची. पुठ्ठा हाताने कापायचा, चुलीवर मैद्याची खळ शिजवायची, खोकी वाळत टाकायची. ओटीभर ती पांढरी खोकी उघडी पडलेली असायची आणि पोरांना त्यातून पाय टाकत शाळेत जावं लागायचं. खळ आत्या करायची. आत्या तेव्हा लग्न होऊन, वर्षाच्या आत नवरा वारून परत आलेली होती. परत आली तेव्हा तिला ठेवून घेण्याबद्दल घरात चर्चा झाली नाही, हे वडील अभिमानाने सांगत. ‘ती काय पाहुणी आहे? घरची आहे.’ आणि ती घरची होती म्हणून पहाटे खळ लागली तरी तीच उठायची, डिसेंबरात नाताळच्या ऑर्डरी आल्या की तीच रात्र काढायची, पुठ्ठा भिजला तर तीच रडायची. हाताखाली कामाला बायका आल्या, त्यांना आठवड्याचे पैसे मिळू लागले. आत्याला लागतील तसे कपाटातून घ्यायची मुभा होती. ती घ्यायची नाही, ही गोष्ट वेगळी. यतीनचा अभ्यासही तिनेच घेतला. तिच्या हाताला खळीचा आंबूस वास यायचा आणि वहीच्या पानांना तिची बोटं चिकटायची. त्याला तो वास आवडायचा, अजून आवडतो. पुढे वडिलांनी नवघरला गाळा घेतला. त्यात जेमतेम एक मशीन मावायचं, पण ते त्याला पहिल्या दिवसापासून ‘कारखाना’ म्हणायचे. लग्नाच्या पत्रिका द्यायला आलेल्या नातेवाइकांना आत्याही सांगायची, ‘मी दिवसभर कारखान्यात असते.’

अंथरुणावर पडल्यावर त्याला स्कूटर आठवली. का आठवली कोण जाणे. कदाचित फ्लॉसीच्या हसण्यामुळे. तो तेव्हा पुढे उभा राहण्याएवढा होता, हँडल धरून. वडील त्याला घेऊन वसई पूर्वेला एका औषधांच्या कंपनीच्या फाटकाशी गेले होते. फ्लॉसीची मोठी बहीण थेरेसा तिथे पॅकिंगला होती आणि तिने आत्याला चिकटवून दिलं होतं. किती दिवस ती जात होती ते त्याला आठवत नाही, फार नसावेत. भोंगा झाला आणि फाटकातून बायकांचा लोंढा बाहेर आला. सगळ्यांच्या डोक्याला पांढऱ्या टोप्या, कुणी त्या काढून पर्समध्ये कोंबत होत्या, आणि सगळ्या मोठमोठ्याने बोलत होत्या. ‘सुटलो गं बाई,’ ‘सुटलो एकदाचे.’ त्यात आत्या होती. थेरेसाच्या खांद्यावर हात टाकून, तोंड उघडं टाकून ती हसत होती. छातीवर तिच्या नावाचा बिल्ला होता, ज. र. म्हात्रे, तिच्या सासरच्या नावाचा, जे घरात कुणी कधी घ्यायचं नाही. यतीनने ‘आत्या’ म्हणून हाक मारली. तिने स्कूटर पाहिली आणि तिचं हसू बंद झालं. वडील रागावले वगैरे नाहीत. ते कधीच रागवायचे नाहीत. ‘घरचं काम पडून राहिलंय, आणि तू बाहेरच्यांचं करतेस?’ एवढंच म्हणाले, तेही हळू, थेरेसाला ऐकू जाणार नाही असं. आत्या मागे बसली. दुसऱ्या दिवशी ती खळ शिजवत होती. त्या वेळी यतीनला आनंदच झाला होता, कारण अभ्यासाला आत्या परत मिळाली. आता कूस बदलताना त्याला तो आनंद लख्ख आठवला आणि त्याची त्याला लाज वाटली. लहान पोराचा आनंद, त्यात लाज कसली, असंही वाटलं. पण वाटली.

गाळ्यातही साडेपाचची घंटा होते तेव्हा बायका तेच म्हणतात. सुटलो. हात धुताना, पिशव्या उचलताना, चपला शोधताना. आत्या तिच्या स्टुलावर बसून त्यांची टिंगल करायची. ‘जा बायांनो, सुटा. मी कुठून सुटणार, मी घरची.’ तीही हसायची, त्याही हसायच्या. मग यतीनचे फोन संपेपर्यंत ती दिवे बघायची, पुठ्ठ्यावर ताडपत्री ओढायची, किल्ल्या घेऊन दाराशी उभी राहायची. रविवारीही एकदा येऊन जायची, देवाला दिवा लावायला म्हणून. हे इतकी वर्षं चालू होतं की यतीनने त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

सोमवारी त्याने उमंगला फोन लावला आणि आणखी एक पत्र करायचं आहे म्हणून सांगितलं. उमंग हसला, मग त्याला समजावू लागला. कायद्याने अडत नाही, घरच्यांचं कोण विचारतं, कशाला ओढवून घेता. यतीन ऐकेना असं दिसल्यावर त्याने दुसरी वाट काढली. ‘असं करा शेठ, मॅनेजर लिहा. मॅनेजर कामगारमध्ये मोजत नाहीत. आत्यांचा मान पण राहील, आकडा पण राहील.’ ही युक्ती यतीनला फोन ठेवेपर्यंत फार आवडली. व्यवस्थापिका, श्रीमती जयवंती म्हात्रे. लेटरहेडवर ठसठशीत. त्याने दोन-तीनदा ते मनात म्हणून पाहिलं. हे आपण पहिल्यांदाच का केलं नाही? घरी जाईपर्यंत तो खुशीत होता. आत्या बाल्कनीत मेथी निवडत होती. तिच्यासमोर पाटावर बसून त्याने सांगितलं की तुझंही पत्र करतोय, मॅनेजर म्हणून, सगळ्यांच्या वरचं. आत्याने मेथीची काडी मोडली, पानं परातीत टाकली.

‘मॅनेजर तर तू,’ ती म्हणाली. ‘फ्लॉसीच्या पत्रात काय लिवलंय?’

‘कामगार. घडी आणि पॅकिंग.’

‘मग मना तेच लिव.’

एरवी ती त्याच्याशी शाळेतल्यासारखं शुद्ध बोलायची, अभ्यास घेत असल्यापासूनची सवय. बोळींजची बोली तिच्या तोंडी यायची ती तिच्या भावाशी बोलताना, आणि भाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. यतीनने तिला समजावलं. कामगार लिहिलं की आकडा वाढतो, आकडा वाढला की गाळ्याचा कायद्याने कारखाना होतो, मग तपासणीला माणसं येतात, खर्च वाढतो. मॅनेजर लिहिलं तर काहीच होत नाही. त्याला वाटलं, हे ऐकून ती नेहमीसारखं ‘मग राहू दे’ म्हणेल. गाळ्याच्या भल्यासाठी तिने आजवर ‘राहू दे’ म्हटलं नाही असं कधी झालं नव्हतं. तिने मेथीची जुडी संपवली, देठ वर्तमानपत्रात गुंडाळले.

‘म्हणजे मी मोजली तर कारखाना, आणि नाय मोजली तर काहीच नाय होत,’ ती म्हणाली. रागाने नव्हे, हिशेब समजला का ते पडताळून बघावं, तशी. मग परात घेऊन आत गेली. यतीन पाटावर बसून राहिला. खाली सोसायटीच्या बागेत इशिता सायकल शिकत होती आणि पूर्वी तिच्यामागे धावत होती. त्याला आत्याचा राग आला, हे त्याने स्वतःशी कबूल केलं. इतकी वर्षं काही मागितलं नाही आणि मागितलं ते नेमकं महागातलं. आणि लगेच त्याला हेही कळलं की ती मागत असलेली वस्तू फ्लॉसीला त्याने पेढ्यासकट, न मागता दिली होती.

पत्र त्याने स्वतः टाइप केलं. नाव लिहिताना आधार कार्ड काढावं लागलं. तिच्या नवऱ्याचं नाव रघुनाथ होतं हे त्याला माहीत होतं असं त्याला वाटत होतं, पण त्याची बोटं थांबली. पदनामात फ्लॉसीचं होतं तेच. वेतनातही तेच. रुजू झाल्याच्या तारखेपाशी तो बराच वेळ अडला. ओटीवरच्या खळीला तारीख नव्हती. शेवटी गाळ्याची पूजा झाली तो दिवस घातला आणि ते पुरेसं नाही हे ठाऊक असूनही पुढे गेला. कामाची वेळ, नऊ ते साडेपाच. साप्ताहिक सुट्टी, रविवार. ही दोन वाक्यं त्याने विचार न करता इतर पत्रांतून जशीच्या तशी उचलून ठेवली.

शनिवारी दुपारच्या जेवणानंतर त्याने सगळ्यांना पुन्हा टेबलासमोर बोलावलं. पेढे आणले नव्हते. आत्या त्या दिवशी साध्या सुती साडीत होती आणि आपल्या स्टुलावर बसून खोक्यांच्या कडा दाबत होती. एक पत्र राहून गेलं होतं, असं म्हणून त्याने पाकिटावरचं नाव वाचलं, जसं आदल्या वेळी प्रत्येकाचं वाचलं होतं, पूर्ण. ‘जयवंती रघुनाथ म्हात्रे.’

कुणी हललं नाही. विघ्नेश वळून दाराकडे बघू लागला. गाळ्यात नवीन कोणी लागलंय का ते बायका एकमेकींच्या तोंडाकडे पाहून शोधू लागल्या. ‘जयवंती कोण?’ मागून एकीने विचारलं. यतीनने आत्याकडे पाहिलं. तीही हातातलं खोकं तसंच धरून बसली होती, नाव ओळखीचं आहे पण कुठे ऐकलं ते आठवत नाही अशी. मग ती उठली. फ्लॉसी म्हणाली, ‘अगो बाय, आपली आत्या,’ आणि या वेळी कुणी हसलं नाही. आत्या टेबलापाशी आली. बाकीच्यांनी पाकिटं न उघडता पिशवीत घातली होती. तिने तिथेच उघडलं, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. सगळे ताटकळत उभे. यतीनला वाटलं, तिचे डोळे भरून येतील, आणि त्या वेळी आपण काय करायचं याची तो मनात तयारी करू लागला. ती वाचत वाचत खाली आली, एका ठिकाणी बोट ठेवलं.

‘साडेपाच म्हणजे साडेपाचच ना?’

‘हो. म्हणजे सगळ्यांचं तेच आहे,’ यतीन म्हणाला.

तिने सही केली, ठळक, शाळेतल्या बाईंसारखी, पत्राची घडी केली आणि जाऊन स्टुलावर बसली. दुपारभर खोकी नेहमीसारखीच झाली. यतीनने उमंगला निरोप पाठवला की आकडा वीस धरा, नोंदणीला काय लागतं ते कळवा. उमंगने कपाळाला हात लावलेलं चित्र पाठवलं. यतीनला हलकं वाटत होतं. एक काम निस्तरलं होतं. संध्याकाळी गाडीत आत्याला घेऊन वाटेत कुठेतरी आइस्क्रीम खाऊ, इशितालाही नेऊ, असं तो ठरवत होता.

साडेपाचची घंटा झाली. नळापाशी गर्दी, चपलांची शोधाशोध, सुटलो, सुटलो. यतीन फोनवर सातिवलीच्या पुठ्ठेवाल्याशी बोलत होता. टेबलावर काहीतरी वाजलं म्हणून त्याने पाहिलं. गाळ्याच्या किल्ल्या होत्या. समोर आत्या उभी होती, हात धुतलेले, खांद्याला पिशवी.

‘येते,’ ती म्हणाली.

त्याने फोनवर हात ठेवला. ‘अगं थांब ना, दहा मिनिटं. गाडीतूनच जाऊ. ही ताडपत्री पण ओढायची आहे.’

‘ओढ तू,’ आत्या म्हणाली. ‘मी सुटले.’

आणि ती गेली. दारात फ्लॉसी थांबली होती, तिने आत्याच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघी उजेडात बाहेर पडल्या. पुठ्ठेवाला हॅलो हॅलो करत होता. यतीनने त्याला नंतर करतो म्हणून सांगितलं. ताडपत्री वाटली त्यापेक्षा जड निघाली. एक टोक ओढलं की दुसरं निसटत होतं. दिव्यांची बटणं कुठली कशाची ते त्याला दोनदा बघावं लागलं. शटर खाली आलं पण कुलूप बसेना, मग बसलं. गाडीत शेजारची सीट मोकळी होती. तो पट्टा न लावताच निघाला आणि कोपऱ्यावर जाऊन लावला.

शेअर रिक्षांच्या थांब्यावर नेहमीची रांग होती. गोखिवऱ्याच्या, वालीवच्या बायका, पाठीवर पिशव्या टाकलेली पोरं, सगळे सुटलेले. त्यात फ्लॉसी, आणि फ्लॉसीच्या मागे आत्या. दोघींच्या हातात शेंगदाण्याच्या पुड्या होत्या. फ्लॉसी काहीतरी सांगत होती आणि आत्या तोंड उघडं टाकून हसत होती. यतीनने गाडी हळू केली, काच खाली केली. ‘आत्या, तू कशाला रांगेत’ हे त्याच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. तिने गाडी पाहिली. तिचं हसू या वेळी तसंच राहिलं. शेंगदाण्याची पुडी धरलेला हात तिने जरासा वर केला, ओळखीच्या माणसाला करतात तेवढा. मागच्या ट्रकने हॉर्न दिला. एक रिक्षा भरून गेली, आणि रांगेबरोबर आत्याही एक पाऊल पुढे सरकली.